बीएल लॅक उफाळलाय : रात्रभराचा प्रकाशवक्र (वेळेनुसार बदलणाऱ्या तेजाचा आलेख), आणि त्यातलं खरं किती?

शततारका

नमस्कार मंडळी,

सरठ तारकासमूहातला बीएल लॅक पुन्हा उफाळला आहे. 'आर' (लाल) फिल्टरमधून एरवी चौदाव्या प्रतीच्या आगेमागे असणारा हा ब्लेझार, म्हणजे दीर्घिकेचा धगधगता गाभा, सध्या तेराच्याही अलीकडे आलाय (प्रतीचा आकडा जितका लहान तितकं तेज जास्त). काल आकाश स्वच्छ होतं, म्हणून अंधार पडल्यापासून तो पश्चिमेला कलेपर्यंत दुर्बीण त्याच्यावरून हलवली नाही.

सुरुवातीला बराच वेळ रेघ जवळजवळ सपाट. मग तासाभरात साधारण ०.२ प्रतीची चढण. माथ्यावर थोडा थबकला, आणि मग उतरायला लागला. उतार चढणीपेक्षा सावकाश. दुर्बीण आठ इंची, कॅमेरा मोनो सीमॉस, एक्स्पोजर दोन-दोन मिनिटांची. तुलनेला नेहमीचा 'सी' तारा (ज्याची प्रत आधीच माहीत आहे), आणि मोजणी नीट होतेय ना हे तपासायला 'एच'. या दोन ताऱ्यांमधला फरक रात्रभर ०.०१ च्या आसपासच हलला.

०.२ प्रत म्हणजे वीस टक्के प्रकाश. सुमारे नव्वद कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचा गाभा तासाभरात वीस टक्क्यांनी उजळतो, हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

नव्या सभासदांसाठी थोडी पार्श्वभूमी. १९२९ मध्ये कुनो हॉफमाइस्टर यांनी हा आपल्याच आकाशगंगेतला चलतारा समजून नोंदवला, म्हणून त्याला चलताऱ्याचं नाव मिळालं. १९६८ मध्ये जॉन श्मिट यांनी त्याच जागी एक रेडिओ स्रोत असल्याचं दाखवलं आणि मग चित्र पालटलं. दीर्घिकेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून निघालेला झोत योगायोगाने जवळजवळ आपल्याच दिशेने रोखलेला आहे. आपण पाहतो तो प्रकाश मुख्यतः त्या झोतातल्या चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा. झोत आपल्याकडे येत असल्यामुळे त्याचं तेज कित्येक पटींनी वाढून दिसतं आणि तिथल्या घडामोडी आपल्याला आवळलेल्या वेळात दिसतात.

धागा काढण्याचं कारण एवढंच, की ही चढण खरी आहे का ते मिळून तपासू. उफाळ्याच्या काळात आकड्यांचा पूर येतो, पण त्यातले विसंबावे असे थोडेच असतात. त्याच रात्री कोणी पाहिलं असेल तर जरूर लिहा. वक्र जोडला आहे, कच्च्या फाइली मागाल त्याला देईन.

आर्द्रा

वा! सुंदर वक्र. वाचतेय. चढण आणि उतार सारखे नाहीत हे विशेष वाटलं.

जुना_निरीक्षक

अभिनंदन. मात्र काही गोष्टी विचारल्याशिवाय मी या चढणीवर सही करणार नाही.

पहिली, सीइंग, म्हणजे हवेच्या थरथरीमुळे ताऱ्याचं बिंब किती पसरतं ते. चढणीच्या वेळी ताऱ्यांची रुंदी बदलली का? बीएल लॅक हा बिंदू नाही. त्याच्याभोवती यजमान दीर्घिका आहे, तिची 'आर' प्रत साधारण साडेपंधरा. सीइंग बिघडलं की बिंदूसारख्या ताऱ्याचा काही प्रकाश मोजणीच्या वर्तुळाबाहेर, म्हणजे अ‍ॅपर्चरबाहेर सांडतो. तुलना ताऱ्याचाही तेवढाच सांडतो, म्हणून वजाबाकीत हिशेब जुळतो. दीर्घिका मुळातच पसरलेली, तिचा प्रकाश त्या प्रमाणात सांडत नाही. अ‍ॅपर्चर लहान असेल तर निव्वळ हवेमुळे ब्लेझार 'बदलल्यासारखा' दिसतो. असे खोटे चढउतार छापील निबंधांतही शिरलेले आहेत.

दुसरी, तपासणी ताऱ्याची प्रत. 'एच'चा विखुरलेपणा ०.०१ आला म्हणून ब्लेझारची चूक तेवढीच, असं म्हणण्यासाठी दोघांची तेजस्विता जवळपास हवी. फोटॉन कमी तिथे चूक जास्त.

तिसरी, क्षितिजाजवळचा भाग. उतार नेमका कधी सुरू झाला? लक्ष्य खाली कलत असताना जो सावकाश बदल दिसतो त्याच्याकडे मी नेहमी संशयाने बघतो.

शततारका

@जुना_निरीक्षक, हेच प्रश्न हवे होते.

सीइंग : चढणीच्या तासात ताऱ्यांची रुंदी जवळपास स्थिर होती. ती वाढली मध्यरात्रीनंतर, म्हणजे माथा होऊन गेल्यावर. अ‍ॅपर्चर मी ८ विकला त्रिज्येचं ठेवतो (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आणि पार्श्वभूमीचं कडं १० ते १६ विकलांचं. बीएल लॅकसाठी डब्ल्यूईबीटीवाले (ब्लेझारांवर नजर ठेवणारं जगभरच्या दुर्बिणींचं जाळं) हीच मापं वापरतात, आणि एवढ्या अ‍ॅपर्चरमध्ये यजमानाचा साधारण साठ टक्के प्रकाश येतो असं धरतात.

आता त्याचा हिशेब. ब्लेझार तेराव्या प्रतीचा, यजमान साडेपंधराचा. फरक अडीच प्रती, म्हणजे यजमान एक दशांश. त्यातला साठ टक्के अ‍ॅपर्चरमध्ये, म्हणजे एकूण प्रकाशाच्या सहा टक्के. सीइंग कितीही नाचलं तरी या सहा टक्क्यांतला अगदी लहान हिस्साच इकडचा तिकडे होईल. त्यातून वीस टक्क्यांची चढण उभी राहणार नाही.

'एच'बद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. तो ब्लेझारपेक्षा मंद आहे, त्यामुळे त्याचा विखुरलेपणा ब्लेझारच्या चुकीपेक्षा थोडा जास्तच भरेल. म्हणजे इथे चूक सुरक्षित बाजूला आहे.

उताराबद्दल तेवढ्या खात्रीने बोलत नाही. उताराचा पहिला अर्धा भाग लक्ष्य उंच असतानाचा आहे. शेवटचा भाग मी स्वतः आलेखात फिकट रंगात दाखवला आहे.

फोटॉनमोजणी

कच्चे आकडे घेऊन चाचणी लावली. पूर्वी लोक सी-चाचणी वापरायचे, म्हणजे ब्लेझार आणि तुलना ताऱ्याच्या फरकाचं प्रमाण विचलन भागिले दोन ताऱ्यांच्या फरकाचं. भागाकार २.५७६ च्या पुढे गेला की ९९ टक्के खात्री, असा पायंडा होता. २०१० मध्ये दे दिएगो यांनी ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही हे दाखवलं. तेव्हापासून प्रसरणांचं (विचलनांच्या वर्गांचं) गुणोत्तर घेणारी एफ-चाचणी जास्त चालते. शततारका यांचा वक्र दोन्हींतून आरामात पार होतो. शेवटचा फिकट भाग काढून टाकला तरीही.

रोहिणीपुत्र

नवीन आहे, भाबडा प्रश्न चालेल ना? तासाभरात बदल झाला, यावरून तिथल्या वस्तूच्या आकाराबद्दल काही कळतं का?

आर्द्रा

चालेल काय, मुद्द्याचाच प्रश्न आहे.

एखादा प्रदेश एकसंधपणे उजळायचा तर त्याच्या एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोचायला हवी, आणि ती प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही. तासाभरात बदल म्हणजे आकार एक प्रकाशतासाच्या आत, सुमारे १०८ कोटी किलोमीटर. पण झोतामुळे काळ आवळलेला दिसतो हे जमेस धरावं लागतं. तो घटक दहा धरला तर मर्यादा दहा प्रकाशतासांवर जाते, म्हणजे सुमारे ७० खगोलीय एकक. नेपच्यूनच्या कक्षेचा व्यास साठ एकक आहे. अख्ख्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांना मागे टाकणारा प्रकाश जवळपास सूर्यमालेएवढ्या जागेतून येतोय!

तेही फक्त दृश्य प्रकाशात. गॅमा किरणांत ३सी २७९ या दुसऱ्या ब्लेझारने २०१५ च्या जूनमध्ये काही मिनिटांत बदल दाखवले होते. इतक्या लहान जागेत एवढी ऊर्जा कशी सुटते याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. झोतातले धक्के, खवळलेला प्रवाह, चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळणं, असे दावेदार बरेच.

काळोखप्रेमी

मीही त्याच रात्री बीएल लॅक घेतला होता, 'व्ही' (हिरवट) फिल्टरमध्ये. आकाश अर्धवट ढगाळ, म्हणून सलग नाही. चढण मलाही मिळाली, वेळ जुळते. पण मला आणखी एक दिसतंय : चढणीवर साधारण पाऊण तासाच्या लाटा आहेत, तीन तरी मोजता येतात. हा आवर्तकाळ असू शकेल का?

फोटॉनमोजणी

@काळोखप्रेमी, तुमची चढण जुळली हे फार मोलाचं आहे. लाटांबद्दल मात्र हात आखडता घ्या.

ब्लेझारचा गोंगाट 'लाल' असतो, म्हणजे जितका कालावधी मोठा तितका चढउतार मोठा. अशा निव्वळ यादृच्छिक वक्रात दोन-तीन लाटा डोळ्यांना हमखास दिसतात. संगणकावर असे हजार वक्र तयार करून पाहा, त्यांतल्या कितीतरी वक्रांत तुम्हाला 'आवर्तन' सापडेल. त्यातून तुमच्याकडे ढगांमुळे खंड आहेत, आणि खंड स्वतःच्या लाटा आणतात.

बीएल लॅकमध्ये खरोखर आवर्तनासारखं काही सापडलं ते २०२० च्या उफाळ्यात. सुमारे तेरा तासांचं. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं, आणि झोताच्या चुंबकीय क्षेत्रात पडलेला पीळ हे त्याचं कारण सुचवलं गेलं. तेरा तास म्हणजे एका ठिकाणाहून एका रात्रीत एक फेरासुद्धा पुरा दिसत नाही. पृथ्वीच्या वेगवेगळ्या रेखांशांवरच्या दुर्बिणींनी एकमेकींकडून सूत्रं घेत पाहिलं म्हणून ते हाती लागलं. त्यातल्या कित्येक दुर्बिणी आपल्यासारख्या हौशी लोकांच्या होत्या.

काळोखप्रेमी

पटलं. लाटांचा दावा मागे. मोजमापं वर चढवली आहेत, ढगांमधली काढून.

निळसर

माझ्याकडे 'बी' (निळा) आणि 'आय' (अवरक्ताजवळचा) फिल्टर आहे, आलटून पालटून घेतलेलं. बी वजा आय हा रंग चढणीत निळ्याकडे सरकला आणि उतारात परत आला. 'उजळ तितका निळा' हा बीएल लॅक प्रकारच्या ब्लेझारांचा लौकिक आहेच. नव्याने वेग मिळालेले इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेचे, म्हणून चढताना निळा हिस्सा वाढतो. मग जास्त ऊर्जेचे आधी थंडावतात आणि रंग लालीकडे झुकतो.

जुना_निरीक्षक

रंगाच्या बाबतीत पुन्हा तीच यजमान दीर्घिका आड येते, आणि इथे ती जास्त फसवते. यजमान म्हाताऱ्या ताऱ्यांची, लाल. ब्लेझार मंद असताना तिचा हिस्सा मोठा, म्हणून एकूण रंग लाल. ब्लेझार उजळला की तिचा हिस्सा झाकला जातो आणि रंग आपोआप निळा होतो. झोताच्या वर्णपटात तसूभरही फरक न पडता 'उजळ तितका निळा' मिळतो! म्हणून प्रतींवर थेट रंग काढू नका. प्रत्येक फिल्टरची प्रत प्रकाशाच्या प्रवाहात बदला, यजमानाचा हिस्सा वजा करा, मग रंग काढा. शिवाय बीएल लॅक आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ आहे, मधल्या धुळीने तो चांगलाच लालसर झालेला आहे. ती दुरुस्ती सगळ्या बिंदूंना सारखीच लागते, त्यामुळे बदलाची दिशा तिने बिघडत नाही, पण आकडे दुसऱ्यांच्या आकड्यांशी ताडायचे तर ती करायलाच हवी.

३सी ४५४.३ किंवा सीटीए १०२ सारख्या क्वेसार जातीच्या ब्लेझारांत कधी कधी नेमकं उलट दिसतं, उजळताना लाल. तिथे मंद अवस्थेत कृष्णविवराभोवतीच्या तापलेल्या तबकडीचा निळा प्रकाश डोकं वर काढतो, आणि झोत भडकला की त्याच्या लालीत तो बुडतो.

निळसर

यजमान वजा करून पुन्हा काढलं. रंगातला बदल कमी झाला, साधारण एक तृतीयांशाने, पण उरला. चढणीत निळा होतोच आहे. सुधारित आलेख टाकला आहे. हे आधीच करायला सांगणारे लोक इथे आहेत, याबद्दल आभार.

मृगशीर्ष

उशिरा आलो. मी शततारकांच्या बराच पश्चिमेला आहे; त्यांच्याकडे ब्लेझार कलायला लागला तेव्हा माझ्याकडे तो माथ्याजवळ होता. माझी मालिका त्यांच्या वक्राच्या माथ्याच्या सुमारास सुरू होते आणि पुढे पहाटेपर्यंत जाते. फिल्टर 'आर'च, दुर्बीण अकरा इंची.

उतार खरा आहे. त्यांचा फिकट भागसुद्धा माझ्या वक्रावर नीट बसतो. पुढे तो सपाट झाला आणि पहाटे पुन्हा हलकी चढण सुरू झाली.

आमच्या दोघांच्या आकड्यांत सरसकट ०.०३ चा फरक आहे, माझे मंद. सगळीकडे तेवढाच.

शततारका

@मृगशीर्ष, ही बातमी वाचून किती बरं वाटलं सांगू शकत नाही! दोन दुर्बिणी, दोन आकाशं, दोन वेगळे कॅमेरे, आणि आकार तोच. आता ती चढण माझ्या अंगणातल्या हवेची नाही हे पक्कं झालं.

०.०३ चा फरक फिल्टर आणि सेन्सर यांच्या प्रतिसादातला असणार. दोघांचे बिंदू जिथे एकाच वेळचे आहेत तिथली सरासरी तफावत काढून एक मालिका सरकवू. मोठ्या मोहिमांतही असंच करतात. फक्त एक पथ्य : सरकवलेला आकडा फाइलीत स्वतंत्र रकान्यात लिहायचा, मूळ मोजमाप तसंच ठेवायचं. उद्या कोणी तुलना ताऱ्यांच्या सुधारित प्रती वापरायच्या ठरवल्या तर मूळ आकडे नसतील तर सगळं पाण्यात.

वेळेचंही सांगून ठेवतो. संगणकाचं घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जुळवलेलं असू द्या, आणि एक्स्पोजरच्या मध्याची वेळ नोंदवा. सूर्यकेंद्री दुरुस्ती (प्रकाश सूर्यापाशी कधी पोचला असता ती वेळ काढणं) केली असेल तर तसं स्पष्ट लिहा. ती आठ मिनिटांपर्यंत जाते, आणि एकाने केली, दुसऱ्याने नाही, की जुळणारे वक्र विनाकारण एकमेकांपासून सरकतात.

रोहिणीपुत्र

आणखी एक शंका. आता आकाशाचे मोठमोठे स्वयंचलित सर्व्हे आहेत, गॅमा किरणांची फर्मी दुर्बीण आहे, अवकाशातली टेस आहे. मग आपल्या आठ इंचीने काय साधतं?

फोटॉनमोजणी

सर्व्हे बहुतेक करून एका रात्रीत एखाददुसरा बिंदू देतात, आणि तोही रोज मिळेलच असं नाही. शततारकांच्या रात्रीचे असे एक-दोन बिंदू घेतले असते तर एवढंच कळलं असतं की ब्लेझार उजळ आहे. चढण, थबकणं, उताराचा वेग, यातलं काही नाही. टेस सलग पाहतो, पण ठरलेल्या वेळी ठरलेला आकाशाचा तुकडा; उफाळा त्याच्या वेळापत्रकाला विचारून येत नाही. फर्मी दर तीन तासांच्या आसपास अख्खं आकाश चाळतो, आणि तिथे भडका दिसला की पहिला प्रश्न असतो : दृश्य प्रकाशात त्याच वेळी काय चाललं होतं? दोन्ही एकत्र उसळले तर एकाच जागचे इलेक्ट्रॉन दोन्ही प्रकाश देत असल्याची शक्यता बळावते. कधी गॅमामध्ये भडका असतो आणि दृश्यात काहीच नसतं. त्या 'काहीच नसतं'साठीसुद्धा कोणीतरी मोजलेलं असावं लागतं.

डब्ल्यूईबीटी १९९७ मध्ये सुरू झाली ती याच गरजेतून. सीटीए १०२ घ्या. २०१६ च्या २८ डिसेंबरला तो 'आर'मध्ये १०.८ पर्यंत गेला, आपल्या मंद अवस्थेपेक्षा सुमारे सहा प्रती, म्हणजे अडीचशे पट उजळ. तो प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वी, सूर्य, काहीच नव्हतं. त्या वेळचे सगळे आकडे एकत्र करून राइतेरी आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की झोत वाकडातिकडा, पिळलेला आहे आणि त्याचा जो भाग आपल्याकडे वळतो तो उजळतो. दाट मोजमापांशिवाय असा युक्तिवाद उभाच राहत नाही.

आर्द्रा

आणि लांब पल्ल्याच्या नोंदींसाठी ओजे २८७ हा ब्लेझार विसरू नका. त्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या छायाचित्रण काचांपर्यंत मागे जातात, आणि साधारण बारा वर्षांनी तो उफाळतो. दोन कृष्णविवरं, धाकटं थोरल्याच्या तबकडीतून आरपार जातं, असा वाल्तोनेन यांच्या गटाचा सिद्धांत. २०१९ च्या जुलैअखेरचा उफाळा त्यांनी सांगितलेल्या वेळी आला. तेव्हा तो पृथ्वीवरून सूर्याच्या आड होता, स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने पकडला. २०२२ च्या ऑक्टोबरात अपेक्षित असलेला मात्र दिसला नाही, आणि त्यावरून वाद आजही चालू आहे. काहीच न झालेल्या रात्रींच्या नोंदींवर तो वाद लढला जातोय!

काळोखप्रेमी

कॅमेरा नसलेल्यांनी काय करावं? माझा एक मित्र डोळ्यांनीच चलतारे बघतो.

जुना_निरीक्षक

बघू द्या. काळोख्या आकाशात दहा इंचीतून तेरावी प्रत दिसते. डोळ्याची चूक ०.१ ते ०.२ असते, त्यामुळे तासातला बदल त्यातून निघणार नाही. पण दोन प्रतींचा उफाळा नक्की निघतो. त्याला सांगा, तुलना तारे एएव्हीएसओच्या (चलतारे पाहणाऱ्यांची संघटना) नकाशावरूनच घ्यायचे, आणि आमचे आकडे आधी वाचायचे नाहीत. माहीत असलेला आकडा डोळ्याला ओढतो.

शततारका

मग आता पुढचं. काल पुन्हा घेतला : पातळी थोडी खाली, रात्रभरात बदल जेमतेम. तोही वक्र टाकला आहे, सपाट असला तरी.

उफाळा ओसरायला लागला की लोक दुर्बीण दुसरीकडे वळवतात, आणि उतार अर्धवट राहतो. मला नेमका तोच हवाय. उतरणीच्या वेगावरून इलेक्ट्रॉन थंडावण्याचा काळ आणि तिथल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. फक्त तो जसजसा चौदाकडे आणि पुढे जाईल तसतसा यजमानाचा हिस्सा वाढत जाईल. पंधराव्या प्रतीला तो आपल्या अ‍ॅपर्चरमध्ये एकूण प्रकाशाच्या जवळपास चाळीस टक्के भरेल. तेव्हा जुना_निरीक्षक यांचा सीइंगचा इशारा पुरता लागू होईल. सगळ्यांनी ८ विकलांचं अ‍ॅपर्चर कायम ठेवा, सीइंग खराब झालं तरी लहान करू नका, आणि ताऱ्याची रुंदी प्रत्येक बिंदूसोबत नोंदवा.

मी 'आर' चालू ठेवतो. निळसर, 'बी' आणि 'आय' तुमच्याकडे; मृगशीर्ष, माझ्याकडे मावळला की तुमच्याकडे. पूर्वेकडच्या रेखांशावर अजून कोणी नाही, तिथून एक जण मिळाला तर दिवसाचा मोठा खंड थोडा तरी भरून निघेल.

रेवती

मी पूर्वेला आहे. सहा इंची आणि 'आर' फिल्टर आहे, ब्लेझार कधी घेतला नाही. तुमच्या आधी साधारण चार तास माझ्याकडे अंधार पडतो. चालेल का?

शततारका

धावेल! सहा इंचीला तीन मिनिटांची एक्स्पोजर ठेवा, आणि तुलना तारे संपृक्त (कॅमेऱ्याच्या मर्यादेपलीकडे उजळ) होत नाहीत ना हे पहिल्याच फ्रेमवर बघा. 'सी', 'एच' आणि 'के' खुणा केलेला नकाशा व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे.